साडेपाच हातांवरचा दगड

बोरजळगावच्या शिवारात आश्रुबा आणि बसवंतराव यांच्या आजोबांनी मिळून एक विहीर खोदली होती. खोदताना त्या दोघांत एकदाही भांडण झालं नाही, हे गावात नवलानं सांगितलं जाई. कारण नातवांचा त्याच विहिरीवर एक आठवडा बिनभांडणाचा गेला नव्हता.

विहीर दोघांच्या मळ्यांच्या मधोमध होती आणि मोटेची धाव, म्हणजे बैलांची चढउताराची वाट, एकच. एकेक दिवस वाटून घ्यावा, तर पहिला विहीर खरवडून ठेवी आणि दुसऱ्याला गाळ मिळे. म्हणून आजोबांच्या वेळेपासून अर्धा-अर्धा दिवस ठरलेला होता. सकाळ आश्रुबाची, दुपारनंतर बसवंतरावाची. बसवंतरावाला ते सोयीचंही होतं. त्याची सकाळची लिंगपूजा लांबलचक चाले, आणि पूजा झाल्याशिवाय तो पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे.

भांडण होतं ते दुपार कधी होते यावर. बसवंतरावाची पूजा आटोपली, जेवण झालं, हात धुतले, की त्याच्या मते दुपार झालेली असे. आश्रुबाची दुपार त्याच्या वाफ्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचल्यावर होई. एके दिवशी दोघांनी एकाच वेळी धावेवर बैल घातले, एकानं खालून आणि एकानं वरून. चारी बैल मधोमध समोरासमोर येऊन थांबले आणि घटकाभर शांतपणे एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यावरून दोन्ही मालक एकमेकांच्या आज्यांची चौकशी करत होते.

त्या दिवशी बसवंतरावानं तहसिलीत अर्ज दिला. आश्रुबानंही दिला. आणि फसली सन तेराशे पन्नासच्या बहमन महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, जमीन-महसुलाची तपासणी करणारे गिरदावरसाहेब तट्टावर बसून चौकशीला आले.

साहेब मनानं सरळ माणूस. सकाळीच विहिरीवर येऊन त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, कानाला लावलं, हलवलं आणि परत खिशात ठेवून दिलं. घड्याळाची कामं घड्याळ करील, म्हणाले, सूर्य तर सरकारच्या आधीपासून नोकरीवर आहे. त्यांनी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत सहा हातांचा एक सागाचा खांब ओळंबा लावून उभा करून घेतला आणि समोर खाट टाकून बसले. खांबाची सावली सकाळी पश्चिमेला लांब पडली होती. ती फिरत आणि आखूड होत गेली. जिथं ती सगळ्यांत आखूड झाली आणि परत वाढायच्या बेतात आली, तिथं साहेबांनी नारळाएवढा एक दगड पुरून त्याला चुना लावला. खांबापासून मोजून साडेपाच हात.

मग हुकूम लिहिला. तो उर्दूत होता, म्हणून पटवारी किशनरावानं दोघांना मोठ्यानं अर्थ सांगितला: खांबाच्या सावलीचं टोक या दगडाला लागेपर्यंत मोट आश्रुबाची. टोक दगडाला लागलं की मोट बसवंतरावाची. दगड कुणी हलवू नये, खांब कुणी उपटू नये. दोघांना शिक्क्याची एकेक नक्कल मिळाली. साहेब चहा पिऊन गेले.

आता आश्रुबाचा स्वभाव सांगायला हवा. तो लबाड नव्हता, लबाडाशी निभावता तरी येतं. सांगितलेली गोष्ट तो सांगितली तशी करणारा माणूस होता. एकदा चावडीवरून निरोप आला की उद्या सकाळी हजर राहा, तर हा तांबडं फुटायच्या आत चावडीच्या पायरीवर जाऊन बसला आणि पाटील दहा वाजता आले तेव्हा उशिराबद्दल त्यांच्याकडे वाईट नजरेनं बघत होता. अशा माणसाच्या हातात शिक्क्याचा कागद आला होता. तो त्यानं पोकळ बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगला.

पहिले काही दिवस इतके सुरळीत गेले की बघायला आलेले लोक कंटाळून घरी गेले. सावली येई, दगडाला लागे, आश्रुबा बैल सोडी, बसवंतराव जुंपी.

संक्रांतीच्या सुमाराला सावली दगडाच्या अलीकडेच थांबली. दगडाची कड आणि सावलीचं टोक यांत दोन-तीन बोटांचं अंतर. बसवंतराव बैल घेऊन पुढे आला. आश्रुबानं हात वर केला आणि सावली अजून लागली नाही म्हणून सांगितलं. दोघं उकिडवे बसून बघू लागले. सावली दगडाकडे न सरकता पूर्वेकडे वळली आणि लांबत लांबत दुसरीकडेच निघून गेली. आश्रुबानं थोडा वेळ विचार केला.

"आप्पा, लागली न्हाई ना," तो बसवंतरावाला म्हणाला. "मंग मोट माजीच हाय. मी काय करू?"

आणि दिवस मावळेपर्यंत तो मोट हाकत राहिला.

दुसऱ्या दिवशी अंतर थोडं वाढलं. आठवड्यानं वीतभर झालं. बसवंतराव किशनरावाकडे गेला. किशनरावानं हुकूम तीनदा वाचला, कागद उलटा करून मागची बाजूही बघितली आणि सांगितलं, की यात 'लागेपर्यंत' असंच लिहिलं आहे. दगड हलवावा, तर हलवू नये असंही लिहिलं आहे. मग बसवंतरावानं पुरावा गोळा करायचा ठरवला. रोज सावली सगळ्यांत आखूड होऊन जिथं थांबे, तिथं तो बाभळीची एक खुंटी ठोकू लागला. सूर्य आश्रुबाला कसा सामील झालाय, हे साहेबांना दाखवायला. खुंट्या दगडापासून खांबाकडे एकामागे एक चालू लागल्या.

आश्रुबाला सुरुवातीला जिंकल्यासारखं वाटलं. पण ते जिंकणं फार मेहनतीचं होतं. मोट थांबवली असती, तर पाळी संपल्याचं त्यानं स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून तो दिवसभर धावेवर मागे-पुढे चालत राही. दुपारनंतर विहिरीतून अर्धी मोट चिखल येई. बैल संध्याकाळी गोठ्यात उभे न राहता सरळ आडवे होत. मिरच्यांना इतकं पाणी झालं की पानं पिवळी पडली, आणि वांग्यांची मुळं कुजून झाडं हात लावताच उपटून यायला लागली. तिकडे बसवंतरावाचे कांदे वाळत होते.

आश्रुबाची बायको चतुराबाई शेवटी म्हणाली, की बंद करा हे, आपला मळा बुडाला आणि त्यांचा सुकला. आश्रुबानं आढ्याच्या नळीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, दुपार झाली हे कळायला मला चूल सोडून उठावं लागत नाही, ओसरीच्या खांबाची सावली सांगते. आश्रुबानं तिला समजावलं, की हुकमात ओसरीच्या खांबाचा उल्लेख नाही.

महाशिवरात्रीचा उपास सोडताना बसवंतरावाला एक विचार सुचला आणि तो हसत हसत किशनरावाकडे गेला. खांब उपटू नये असं हुकमात आहे, पण खांब उंच करू नये असं कुठं आहे? किशनरावानं पुन्हा वाचलं. तसं कुठंही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बांबूकाम करणारा भुजंग विहिरीवर आला. त्यानं खांबाला चार हात बांबू जोडून बांधला. दुपारी सावली डौलात गेली आणि दगडाला लागली. आश्रुबानं तिथल्या तिथं मोट थांबवली आणि सव्वा महिन्यानं पहिल्यांदा दुपारी पाठ टेकली. बसवंतरावाला वाटलं आपण याला हरवलं. आश्रुबाला त्या दिवशी जेवणाला चव लागली.

पण चार दिवसांनी सावली पुन्हा अलीकडेच थांबली. भुजंगला परत बोलावलं. त्यानं आणखी हातभर बांबू जोडला. मग दर तीन-चार दिवसांनी हेच. होळीला खांब तेरा-चौदा हातांवर गेला. पाडव्याला गावातल्या सगळ्या गुढ्यांपेक्षा तो उंच होता, आणि एका म्हाताऱ्यानं तिकडे बघून हातही जोडले. खांब इतका उंच झाल्यावर बांबूचं बारीक टोक जमिनीवर दिसेना, सावली विरून जाई. तेव्हा भुजंगनं टोकाला एक टोपलं अडकवलं. आता टोपल्याची गोल सावली येऊन दगडावर बसे, आणि त्यावर दोघांचंही समाधान होतं.

खांब डुलू नये म्हणून तीन बाजूंनी दोर ओढून बांधायचे होते. त्यातला एक आश्रुबाच्या बाभळीलाच बांधावा लागणार होता. भुजंगनं विचारलं तर आश्रुबानं आनंदानं परवानगी दिली, आणि भुजंग वर चढला की खाली दोर धरून तोच सांगे, जरा डावीकडे घे. आता सावली दगडाला लागावी अशी बसवंतरावाइतकीच त्याचीही इच्छा होती. फक्त त्यानं तसं कुणाला सांगितलं नव्हतं. मिरच्यांना नवी पालवी फुटू लागली होती.

हनुमान जयंतीला भुजंगनं वरून खाली उतरून सांगितलं, की खांब सत्तावीस हातांवर गेला आहे. पुढल्या आठवड्यात तीस-पस्तीस लागतील, त्याच्या पुढच्या आठवड्यात पन्नास.

"आप्पा, सूर्य डोक्यावर यायलाय," तो म्हणाला. "त्यो डोक्यावर आला की आभाळापस्तोर बांबू नेला तरी सावली दगडाला लागायची न्हाई. मला बांबू द्यायला न्हाई म्हणायचं न्हाई, पर म्या सांगून ठेवलं."

बसवंतरावानं यावर विचार करायच्या आतच तिसऱ्या प्रहरी वळवाचं वारं सुटलं. खांब आधी वाकला, मग त्यानं टोपलं बसवंतरावाच्या कांद्यात फेकलं आणि सगळा बांबूचा डोलारा कडाकडा मोडत आश्रुबाच्या मिरच्यांत आडवा झाला. खाली मूळचा सहा हातांचा सागाचा खांब तेवढा काही न झाल्यासारखा उभा राहिला.

मग बसवंतराव बैलगाडी जुंपून परभणीला गेला आणि त्यानं एका अर्जनविसाकडून लांबलचक अर्ज लिहून घेतला. त्यात त्याचं म्हणणं असं, की आश्रुबानं सावलीशी संगनमत केलं असून सरकारनं सावलीला पूर्वीच्या जागी येण्याचा हुकूम करावा. अर्जनविसानं एवढंही लिहिलं की सदर सावली दिवसेंदिवस मागे हटत आहे. परत आल्यावर बसवंतराव रोज पुन्हा खुंट्या ठोकू लागला. आता त्या खांबाच्या अगदी पायथ्याशी यायला लागल्या होत्या. आश्रुबा मात्र पुन्हा पूर्ण दिवस मोट हाकत होता. तो वाळला होता. झोपेतसुद्धा त्याचे पाय हलत, असं चतुराबाई शेजारणींना सांगे.

गिरदावरसाहेब आले ते वैशाख वद्यात. अर्ज वाचून त्यांना काही कळलं नव्हतं, म्हणून ते स्वतः बघायला आले होते. अर्धं गाव विहिरीवर जमलं. साहेबांनी खाट खांबासमोर घेतली आणि म्हणाले, दुपार होऊ द्या, मी डोळ्यांनी बघतो.

उन्हाचा कहर होता. खांबाची सावली पश्चिमेकडून आखूड होत आली. हातभर राहिली, वीतभर राहिली, चार बोटं राहिली. मग खांबाच्या बुडाशी काळी रेघ तेवढी उरली आणि तीही गेली. खांब उभा होता आणि त्याला सावली नव्हती. साहेब खाटेवरून उठले. त्यांनी खांबाला एक फेरी मारली, उत्तरेला बघितलं, दक्षिणेला बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं, तर त्यांची सावलीही चपलांखाली शिरून बसली होती. जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं.

"साया किधर गया?" साहेबांनी किशनरावाला विचारलं.

किशनरावानं सवयीनं हुकमाचा कागद उघडला आणि परत मिटला. बसवंतरावानं हात पसरून साहेबांना विनवलं, की बघा, आता तर सावलीचा पत्ताच नाही, मी पाणी कुणाकडे मागू. आश्रुबानं आपली बाजू मांडली, की दगडाला काही लागलेलं नाही, तेव्हा मोट हाकणं त्याला भाग आहे. हे सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला होता.

चतुराबाई नवऱ्याची भाकर घेऊन आली होती आणि खुंट्यांच्या टोकाशी, दगडाजवळ उभी होती. इतके दिवस ती विहिरीवर यायची ती बांधावरून, आडवी. आज गर्दीमुळे तिला वळसा घालून दगडामागे उभं राहावं लागलं, आणि तिथून तिला सगळ्या खुंट्या एकीमागे एक दिसल्या. तिनं भाकरीचं टोपलं खाली ठेवलं. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, धावेवर पडला होता, तो उचलला. एक टोक दगडाला गुंडाळलं आणि नाडा ताणत ती खांबापर्यंत गेली. पन्नास-साठ खुंट्या होत्या, आणि एकही नाड्याच्या बाहेर नव्हती.

साहेबांनी विचारलं, की बाई, हे काय करतेस.

"साहेब, तुमी समदे सावली किती लांब पडती त्येच बघायलाव," चतुराबाई म्हणाली. "लांब-आखूड तर ती व्हनारच. थंडीत लांब, उनाळ्यात आखूड. पर पडती कुनीकडं ते बघा. भर दुपारी ती रोज ह्या नाड्यावरच निजती. आप्पानं चार महिने खुट्या ठोकल्या, त्यास्नी इचारा."

बसवंतराव वाकून नाड्याच्या रेषेत एक डोळा मिटून बघू लागला. त्या खुंट्या त्यानं स्वतःच्या हातानं ठोकल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तो दगड किती लांब राहिला एवढंच मोजत आला होता. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. साहेबही वाकले. मग किशनराव वाकला, आणि शेवटी आश्रुबा.

"बाई, ये तुमको कौन सिखाया?" साहेबांनी विचारलं.

चतुराबाईला प्रश्नच नीट कळला नाही. तिनं सांगितलं, की ती ओसरीत कुरडया घालते. ओसरीच्या खांबाची सावली दोन फरशांच्या सांध्यावर आली की दुपार झाली, मग माणसांना जेवायला हाक मारायची. पौषात ती सावली पार आतल्या उंबऱ्यापर्यंत जाते, चैत्रात खांबाशीच बसते, पण सांधा सोडत नाही. लग्न होऊन आल्यापासून बघतेय, म्हणाली, बावीस वर्षं झाली.

साहेबांनी कागद-दौत मागवली. नवा हुकूम असा लिहिला, की खांबापासून दगडापर्यंत चुन्याची रेघ मारावी, आणि सावली त्या रेघेवर आली, मग ती कितीही लांब वा आखूड असो, की पाळी बदलावी. लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि शिक्का मारणार, तेवढ्यात चतुराबाई पुन्हा बोलली. रेघ खांबाच्या पलीकडच्या अंगालाही हातभर ओढा, म्हणाली. ज्येष्ठात लागेल.

पलीकडचं अंग म्हणजे दक्षिण. सावली दक्षिणेला पडायची तर सूर्य उत्तरेला हवा. बसवंतराव म्हणाला, की त्यानं जन्मात कधी भर दुपारचा सूर्य उत्तरेला गेलेला बघितलेला नाही. चतुराबाईनं विचारलं, की ज्येष्ठात तुम्ही दुपारी काय करता. तो म्हणाला, झोपतो. ती म्हणाली, म्हणून. तिच्या घराचं मागचं दार उत्तरेला होतं, आणि मिरगाच्या आसपास दुपारचं ऊन त्या उंबऱ्यावर येऊन लोणच्याच्या फोडी वाळवून जाई.

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि 'दोन्ही बाजूंस' एवढे शब्द हुकमात वर लिहून घेतले. मग शिक्का मारला.

बाकी राहिला तो त्या दिवसाचा प्रश्न, कारण रेघेवर यायला सावलीच नव्हती. साहेबांनी निकाल दिला, की सावली नाही त्या अर्थी दुपार अगदी डोक्यावर आहे, आणि बसवंतरावानं मोट घ्यावी. आश्रुबानं 'जी' म्हटलं, बैल सोडले, बाभळीखाली गेला आणि भाकरीचं फडकं उशाला घेऊन तिथंच झोपला. भाकर खायचंही राहिलं. बसवंतरावाच्या बायकोनं, शिवम्मानं, दिवस मावळताना त्याला उठवून ताकाचा तांब्या दिला.

आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, बसवंतराव मुद्दाम जागा राहिला. डोक्यावर ओला पंचा घेऊन तो खांबापाशी येऊन बसला. आश्रुबा मोट हाकता हाकता तिकडे बघत होता. सावली आखूड होत आली, बुडाशी सरकली, आणि गेली नाही. ती खांबाच्या दक्षिण अंगाला चार बोटं उतरली आणि चुन्याच्या रेघेवर स्थिर झाली. बसवंतरावानं मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, सूर्य कुठं आहे ते बघायचा प्रयत्न केला आणि त्याला जोराची शिंक आली. आश्रुबानं बैल थांबवले.

"आप्पा, पाळी तुमची," तो म्हणाला.

"थांब जरा," बसवंतराव म्हणाला. "बस हितं. म्या हे आदी नीट बघून घेतो."

दोघं शेजारी बसून त्या चार बोटांच्या सावलीकडे बघत राहिले. तेवढ्यात बैलांनी मोट तशीच ठेवून पाटातलं पाणी पिऊन घेतलं.

पुढच्या माघात पेडगावहून बोलावणं आलं. तिथंही दोन भावांत एका विहिरीवरून पेटलं होतं, आणि बोरजळगावच्या बाईला दुपार कळते असं त्यांनी ऐकलं होतं. चतुराबाईला हसू आलं, पण ती गेली. बसवंतरावानं आपली गाडी दिली, सोबत शिवम्मा निघाली, आणि बैल आश्रुबानं हाकले.

पेडगावात पुरुषमंडळींनी तिला विहिरीवर न्यायची तयारी करून ठेवली होती. खांब आणला होता, दोर आणला होता, चुनाही भिजवला होता. चतुराबाई आधी घरात गेली. थोरल्या भावाची सासू, लेकीकडेच राहणारी दगडाबाई, ओसरीत बसून तूर पाखडत होती. चतुराबाईनं तिच्याजवळ बसून विचारलं, की मावशी, तुमच्यात दुपार कशावर ओळखायची. दगडाबाईनं सूप न थांबवता हनुवटीनं अंगणातल्या उखळाकडे आणि त्याच्या पलीकडच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे दाखवलं.

"उकळाची सावली त्या कोनाड्याकडं तोंड करून पडली की झाली दुपार," ती म्हणाली. "पौषात बी आन् चैतात बी. का गं, हितं भांडन कशाचं चाललंय?"

दाराशी दोन्ही भाऊ उभे होते. थोरला अंगणात उतरला, उखळाजवळ गेला आणि कोनाड्याकडे बघत उभा राहिला. धाकटा त्याच्या मागे गेला. चतुराबाईनं दुसरं सूप ओढून घेतलं आणि दगडाबाईबरोबर तूर पाखडायला बसली.